धारेवरचं कुंकू

माझ्या सासऱ्यांनी माझ्या कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि तो बंद पडला. हे मी आता हसत लिहिते. त्या दसऱ्याच्या सकाळी माझ्या तोंडून जे निघालं ते मात्र लिहिण्यासारखं नाही.

लोणंदला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वाढदिवसाचे फलक, दहाव्याचे निरोप. गावाचं जगणं-मरणं सगळं माझ्या पडद्यावरून जातं असं मी म्हणते, आणि नवरा म्हणतो, पुरे झालं. कॉम्प्युटर जुना आहे. टेबलावर पडदा, खाली उभा लोखंडी डबा, सुटे भाग जोडून घेतलेला. लॅपटॉप घे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याचं झाकण मला उघडता येत नाही ती वस्तू मला माझी वाटत नाही, त्याला मी काय करू?

सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, नवरा आबा म्हणतो, मी मामा. ऐंशी ओलांडल्यावर घरानं त्यांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. एकदा पडले, मोटारसायकलची किल्ली गेली. एकदा विहिरीवरच्या मोटारीचं बटण ओल्या हातानं दाबलं, तेव्हा नवऱ्यानं बटणाच्या पेटीला कुलूप घालून किल्ली उंच खिळ्याला टांगली. काळजीपोटीच केलं, खोटं कशाला बोलू? पण आयुष्यभर हातात काहीतरी असलेला माणूस नुसता खाटेवर बसायला लागला की बघवत नाही.

त्यांच्याकडे उरली होती एक खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं पूजेला मांडायची ती मामांनीच. कोयते, खुरपी, पाने, माझी कात्री, सगळं खोलून, पुसून घोंगडीवर ओळीनं लावायचं, फौजेतल्या तपासणीला लावतात तसं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरची पूजाही दरवर्षी व्हायची, पण मी घरात असायचे. डब्यावर एक बोट कुंकू आणि हार, की झालं. त्या वर्षी मात्र नवमीला मी माहेरी सांगलीला गेले होते, ती संध्याकाळी परतले. डब्याला सुरेख हार घातला होता. मी नमस्कार केला आणि स्वयंपाकाला लागले.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून बटण दाबलं. दुपारी एका मुलीचे आईवडील तिच्या लग्नाची पत्रिका बघायला येणार होते. मुहूर्तावर पहिली प्रत काढून देवापुढे ठेवायची, असं ठरलेलं. डब्यातला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच. क्षणभर त्यावर ‘नो सिग्नल’ उमटलं आणि तेही विझलं. आणि डबा आतून ओरडायला लागला. लांबलचक टूंऽऽ, थांबून पुन्हा टूंऽऽ.

आवाज ऐकून नवरा आला. त्यानं हार बघितला, डबा बघितला, मग वडिलांकडे वळला.

“आबा, काल काय केलं ह्येला?”

“पूजा केली.”

“आतनं?”

“आतनंच करत्यात. शस्त्राची पूजा म्यानावर करत न्हाईत.”

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. “ह्या फुडं नवमी मी करीन. तुमी निस्तं बसा आबा. कशालाबी हात लावू नगा.”

टोपी काढून मामांनी गुडघ्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसले. मी मघापासून त्यांच्यावर चिडले होते. ती पाठ बघितली आणि माझा राग जागच्या जागी फिरला, नवऱ्यावर गेला. हे यंत्र आज सुरू झालं नाही तर ह्या म्हाताऱ्याची नवमी कायमची जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पत्रिका काय, उद्याही निघाली असती.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, “मदरबोर्ड गेला असंल वैनी. दिवाळीनंतर आणा, बघू.” न बघताच मेला म्हणून मोकळा! माझं डोकं आणखी तापलं आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. तापल्याशिवाय मला काम सुचत नाही.

नवऱ्याला सांगितलं, तुम्ही आपट्याची पानं आणायला जा. तो गेला. मग मी विचार करायला बसले. पडदा ‘नो सिग्नल’ दाखवतोय, म्हणजे पडदा धडधाकट आहे. मागची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, तरी तेच. पंखा फिरतोय, म्हणजे वीज आत जातेय. राहिला तो आवाज. फोनवर शोधलं तर कळलं की यंत्र उगीच बोंबलत नाही. काय दुखतंय ते सांगतं, आणि अशी लांब हाक म्हणजे त्याला रॅम, त्याची कामापुरती स्मरणशक्ती, सापडत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतात, मदरबोर्डाच्या खाचेत उभ्या बसतात. त्या दिसल्या नाहीत तर यंत्र पडद्यापर्यंत पोचतच नाही.

“मामा, उठा,” मी म्हणाले. “त्या पट्ट्यांना काय केलं काल?”

“न्हाई बा. मी आता कशाला हात लावत न्हाई.”

“हात लावू नका. तोंडानं सांगा.”

ते वळले. “दोन्ही काढल्या. कोरड्या फडक्यानं पुसल्या. धारेला हळदकुंकू लावलं, परत व्हत्या तशा बसवल्या.”

“धारेला?”

“खालनं सोन्यावानी चकाकतीय, तीच धार न्हवं?”

मी प्लग काढला, झाकण उघडलं, पट्ट्या बाहेर काढल्या आणि मला हसूच फुटलं. रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, बोर्डाशी सगळं बोलणं त्यांच्यातूनच चालतं. नेमक्या त्याच दातांवर मामांनी ओल्या बोटानं हळद आणि कुंकू भरलं होतं. एक दात सोडला नव्हता. कोयत्याच्या पात्याला लावतात तसं, मन लावून. रात्रभरात ते वाळून कडक झालं होतं.

आता हळद हा विषय माझा. मी सांगलीत हळदपेठेच्या शेजारी वाढले. आमच्या गल्लीत वाळत घातलेले कपडेही पिवळे व्हायचे. हळद ओल्या फडक्यानं पुसली की पसरते आणि आणखी धरते. ती आधी कोरडी झाडायची, मगच पुढचं. मी दात कोरड्या ब्रशानं झाडले, खोडरबरानं घासले, मामांच्या इंजेक्शनच्या स्पिरिटचा बोळा फिरवला. दात लखलखले. पट्ट्या बसवल्या, प्लग लावला, बटण दाबलं.

टूंऽऽ.

मामा हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे सूनबाई.”

ते ऐकून मी इरेला पेटले. प्लग काढला, टॉर्च धरला आणि खाचेत बघितलं. तळाशी पिवळा चुरा बसलेला! पट्टी आत सरकवताना दातांवरचं अर्धं हळदकुंकू खाचेनं खरवडून घेतलं होतं. मी नव्या टूथब्रशचं पाकीट फोडलं, खाचा कोरड्या झाडल्या, फुंकणीनं चुरा उडवला, पुन्हा झाडल्या. मग ठरवलं, दोन्ही पट्ट्या नकोत, आधी एकच बसवून बघू. म्हणजे गोंधळ नको.

आणि ती पट्टी मी मामांच्या हातात दिली.

“म्या?” ते म्हणाले.

“काढली कुणी? ज्यानं काढली त्यानं बसवायची.”

मामांनी पट्टी खाचेवर टेकवली. डोळे मिटून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. एका टोकाला खट् झालं, मग दुसऱ्या टोकाला खट्. “बसली,” ते म्हणाले. “काल आवाज आला न्हवता. मला तवाच शंका आल्ती.”

मी प्लग लावला. बटणही त्यांनीच दाबलं. पंखा फिरला. डब्यातून एकच आखूड टूं आलं आणि पडदा उजळला. मी ओरडले. शेजारीण कुंपणावरून डोकावली, तिलाही मी ओरडूनच सांगितलं. प्लग काढून दुसरी पट्टी बसवली, तीही लागली. मामांनी टोपी घातली, सरळ उभे राहिले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “मदरबोर्ड गेला म्हणं!” दुरुस्तीवाल्याला फोन करून हे सांगायचा मोह मी आवरला नाही.

दुपारी मुलीचे आईवडील आले, पत्रिका निघाली. पहिली प्रत देवापुढे मामांनी ठेवली.

संध्याकाळी नवऱ्यानं त्यांच्या हातात सोनं दिलं आणि पाया पडला. काय घडलं ते मी त्याला दोन-तीनदा तरी सांगितलं होतं, दर वेळी थोडं रंगवून. तो उठला, उंच खिळ्यावरची किल्ली काढली आणि वडिलांपुढे धरली.

“आबा, कांद्याला पाणी द्याचं हाय. मोटार तुमी चालू करा.”

मामांनी किल्ली घेतली नाही. आधी आत गेले, टॉवेल आणला, दोन्ही हात बोटाबोटांच्या मधून कोरडे पुसले, आणि मग हात पुढे केला.