पिसाची बाजू

दाजींसमोर हॅटला टोपी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणून मी मुद्दाम टोपीच म्हणायचो. मेहुण्याला तेवढा हक्क असतोच. सकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी शटर वर करत असू. मी विचारायचो, काय दाजी, आज किती जणांना टोपी घालणार? ते उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर मलाही माहीत होतं. बहुतेक दिवशी कोणालाच नाही.

त्यांचं हॅटचं दुकान आणि माझी लाँड्री यांच्यात एकच भिंत, आणि तिला मधलं दार. वाफ दोन्हीकडे, माझ्याकडे इस्त्रीची आणि त्यांच्याकडे किटलीची. किटलीच्या तोंडाशी फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड, धरायचं, ते मऊ झालं की लाकडी साच्यावर ओढायचं, दोरीने आवळायचं, वाळू द्यायचं. साचे म्हणजे माणसाच्या डोक्याच्या आकाराचे लाकडाचे ठोकळे, भिंतभर मांडलेले. त्यातले कित्येक दाजींच्या वडिलांच्या हातचे होते. फेल्टचं काम दाजींचं आणि वर फीत शिवायचं काम माझ्या ताईचं. लग्न झाल्यापासून त्या दुकानातली प्रत्येक फीत तिने शिवलेली आहे.

दाजी माणूस सरळ, पण नियमांचा भारी. एकाच्या डोक्यासाठी केलेली हॅट दुसऱ्याच्या डोक्यावर घालून बघायची नाही, हा पहिला नियम. त्यामुळे दुकानात हॅट दिसायची, पण गिऱ्हाईकाला ती घालून बघता यायची नाही. आधी डोक्याचं माप, मग हॅट. माप घ्यायला लोखंडी पट्ट्यांचं एक जुनं यंत्र होतं. ते डोक्यावर बसवलं की डोक्याचा आकार कागदावर उतरायचा. कोणाचंच डोकं गोल नसतं, असं ते म्हणायचे. तुमचं तर चौकोनी आहे, असं मी म्हणायचो. दुसरा नियम आरशाचा. दुकानातल्या उभ्या आरशावर कायम कापड टाकलेलं. हॅट पूर्ण होऊन डोक्यावर नीट बसली की मगच कापड निघायचं. आधी आरसा दाखवला तर माणूस स्वतःलाच बघत बसतो, हॅट बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता या नियमांवर कुठलं गिऱ्हाईक टिकणार? मी सांगून थकलो. ऐकतील तर ते दाजी कसले.

अशात एक दिवस सिनेमाच्या कंपनीतल्या बाई आल्या. नटांचे कपडे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. जुन्या काळातली गोष्ट होती आणि नायकाला डोक्यावर फेल्टची हॅट हवी होती, फितीच्या गाठीत लाल पीस खोचलेली. एक घालायला आणि एक जादाची, अशा दोन. बाईंनी नायकाच्या मापाचा आकडा सांगितला. दाजी म्हणाले, आकड्यावर हॅट होत नाही. आणि ते यंत्र पिशवीत घालून थेट चित्रीकरणाच्या जागी गेले. परत आले तेव्हा अख्खी गल्ली विचारत होती, कसा दिसतो हो तो जवळून? दाजी म्हणाले, डोकं चांगलं आहे, फक्त उजव्या कानाच्या वर जरा फुगीर आहे. याहून एक अक्षर जास्त त्यांनी सांगितलं नाही.

त्यातली दुसरी हॅट करताना किटलीचं झाकण उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत दाजींचा हात भाजला. पहिल्यांदा भाजला असं नाही, पण या वेळी ताईच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते पूर्वी पाहिलं नव्हतं. ती रडली नाही, ओरडली नाही. दवाखान्यातून आल्यावर मलम लावता लावता म्हणाली, ही ऑर्डर शेवटची. दाजींचे हात हल्ली थरथरतात, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ते स्वतः मान्य करत नव्हते, इतकंच.

दाजी मात्र सिनेमावर विसंबून होते. त्यांच्या तरुणपणी एक सिनेमा आला होता. तो सुटला की माणसं घरी न जाता सरळ दुकानात यायची, असं ते सांगायचे. पुन्हा तसंच होईल, बघ तू. मी म्हटलं, दाजी, हल्ली लोक सिनेमातून बाहेर पडले की आधी मोबाईल बघतात. शेवटी ताईनेच तोड काढली. सिनेमा लागल्यापासून एक महिना. तेवढ्यात नव्या हॅटची एक जरी ऑर्डर आली तरी दुकान चालू. नाही आली तर किटली बंद आणि साचे दिवेवाल्याला. हा दिवेवाला जुन्या लाकडाचे टेबलावरचे दिवे करून हॉटेलांना पुरवायचा. त्या साच्यांवर त्याचा कधीचा डोळा होता. दाजींनी शब्द दिला. दाजी शब्दाला पक्के आहेत, आणि मला धडकी भरली ती त्यामुळेच.

सिनेमा लागला. आम्ही तिघं पहिल्याच खेळाला गेलो. बाकीचं थिएटर नायकाला बघत होतं आणि आम्ही त्याच्या डोक्याला. एका प्रसंगात त्याने हॅट माथ्याला चिमटीत धरून उचलली, तर दाजी अंधारात कळवळून म्हणाले, अरे, कडेला धर, कडेला. पुढच्या रांगेतले चार जण वळून बघायला लागले. मी सीटमध्ये खाली सरकलो. पण खरं सांगतो, हॅट काय दिसत होती! मला उगाचच भरून आलं. बाहेर आल्यावर दाजी गर्दीतल्या पुरुषांची डोकी निरखत उभे राहिले. एक जण टकलावरून हात फिरवत होता. तेवढ्यानेही त्यांना आशा वाटली.

पहिला आठवडा कोणीही फिरकलं नाही. कंपनीने जादाची हॅट परत पाठवली होती, ती दाजींनी काचेच्या कपाटात ठेवली. समोरच्या भिंतीवर त्याच सिनेमाचं भलंमोठं पोस्टर लागलं होतं. हॅट तिरकी, नजर रोखलेली, आणि कानावर ते लाल पीस.

दुसऱ्या आठवड्यात मुलं यायला लागली, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्यांना हॅट हवी होती, पण पोस्टरसारखी. पोस्टरमध्ये पीस नायकाच्या उजव्या कानावर होतं आणि कपाटातल्या हॅटवर ते डाव्या बाजूला. पहिल्याने विचारलं, काका, पीस या बाजूला लावून द्याल ना? दाजींनी त्याला हाताला धरून रस्त्याच्या कडेला नेलं आणि पोस्टर दाखवलं. कोटाची बटणं बघ, घड्याळ कोणत्या हातात आहे बघ. हे चित्र डावं-उजवं उलटं छापलंय. पुरुषांच्या हॅटची गाठ डावीकडेच असते. मुलगा म्हणाला, असेल, पण मला पोस्टरमधली आवडली. दाजी म्हणाले, मग मला जमणार नाही.

दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांना तेच व्याख्यान आणि तेच उत्तर. मी भिंतीपलीकडे शर्टांना इस्त्री करत ऐकत होतो. एकदा तर रागाच्या भरात एका वकिलाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली. तसाच उठलो, पलीकडे गेलो आणि म्हटलं, दाजी, पीस उजवीकडे लावलं तर आभाळ कोसळणार आहे का? तुम्ही शब्द देऊन बसलाय, महिना संपत आलाय.

"उजवीकडे गाठ बायकांच्या हॅटला असते," ते शांतपणे म्हणाले. "त्या पोराला माहीत नाही, म्हणून मी त्याला तशी विकू? माझ्याच नावाने?"

मी ताईकडे पाहिलं. ती खिडकीजवळ तिच्या छोट्या टेबलाशी खाली मान घालून कसलीशी फीत शिवत होती. मला तिचाही राग आला आणि तिचं पटतही होतं. दाजींच्या हातावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. मला तो हात वाचायला हवा होता आणि दुकानही. दोन्ही एकदम कसं वाचणार ते सुचत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवर चिडत होतो.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दिवेवाला संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. मी दुकानात डोकावलो तर दाजी साचे एकेक खाली काढून फडक्याने पुसत होते. हा अमक्याचा, हा तमक्याचा, असं पुटपुटत. ज्यांची नावं घेत होते ती माणसं कधीच गेली होती. ताई हातात सुई धरून त्यांच्याकडे बघत होती. सुईत दोरा नव्हता. सकाळचा चहा दोघांच्याही कपात तसाच साय धरून पडला होता.

दुपारी एक दाढीवाला तरुण आला. मोबाईलवर तेच पोस्टर. त्याने तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, पीस डावीकडे येईल, चालणार नसेल तर राहू दे. दाढीवाला कपाटातल्या हॅटकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग बरं म्हणून जायला वळला. मी मधल्या दारात उभा होतो.

"थांबा जरा," ताई म्हणाली.

ती उठली. कपाट उघडून तिने नायकाची हॅट बाहेर काढली आणि दाढीवाल्याच्या हातात दिली. दाजी अगं अगं करत पुढे झाले, तर तिने नुसता तळहात दाखवून त्यांना थांबवलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती आरशापाशी गेली आणि तिने कापड ओढून काढलं.

"घाला," ती म्हणाली. "आणि आरशात बघा."

त्याने हॅट घातली. जरा सैल होती. त्याने आरशात पाहिलं, मोबाईल आरशाशेजारी धरला, पुन्हा आरशात पाहिलं. मीही पुढे जाऊन बघितलं आणि मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पोस्टरमध्ये पीस ज्या बाजूला दिसत होतं, आरशातही अगदी त्याच बाजूला दिसत होतं. माणूस आरशात स्वतःला उलटाच बघतो. आणि ते पोस्टर उलटंच छापलेलं. दाजींची बरोबर केलेली हॅट घालून आरशासमोर उभं राहिलं की समोर पोस्टरच! आलेल्या प्रत्येक मुलाला नुसती हॅट घालून आरसा दाखवला असता तरी भागलं असतं. पण हॅट घालू द्यायची नाही, आरसा दाखवायचा नाही. नियम म्हणजे नियम.

"हीच की," दाढीवाला म्हणाला. "अगदी हीच."

दाजींनी इथेही त्याला सोडलं नाही. पीस डावीकडेच आहे, बाकीच्यांना पोस्टरच्या उलट दिसेल, असं त्यांनी त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, बाकीचे आपलं बघून घेतील, मला अशी दिसली की झालं. माप घ्या.

दाजींनी यंत्र काढलं. त्यांचे हात एवढे थरथरत होते की पट्ट्या मी धरल्या. दिवेवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा मी त्याला माझ्या लाँड्रीतलं मोडकं स्टूल दिलं आणि म्हटलं, याचा दिवा कर. पुढे त्या दाढीवाल्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. त्यातल्या निम्म्यांच्या हॅट आता खुंटीला धूळ खात असतील. एक जण मात्र पावसात भिजलेली हॅट पुन्हा साच्यावर चढवून घ्यायला आला, तेव्हा दाजी दिवसभर गुणगुणत होते. सिनेमाने आणलेली फॅशन सिनेमाइतकीच टिकते की काय, मला माहीत नाही. त्या दिवशी आम्हाला एकच ऑर्डर हवी होती आणि ती आली होती.

त्या दुपारी दाढीवाला माप देऊन गेला. मी निघावं की थांबावं, कळेना. दाजी स्टुलावर बसले होते, आरशावरचं कापड मांडीवर घेऊन.

"तुला कधी कळलं हे?" त्यांनी ताईला विचारलं.

"पोस्टर लागलं त्याच दिवशी. हॅट परत आली तेव्हा मी घालून बघितली होती, गाठ नीट बसलीय का म्हणून. खिडकीच्या काचेत मी दिसत होते आणि मागे ते पोस्टर."

"महिनाभर बोलली नाहीस."

"नाही बोलले." तिने नजर चुकवली नाही. "तुमचा हात समोर दिसायचा. कशी बोलणार?"

"मग आज कशी बोललीस?"

ताईने टेबलावरची सुई उचलून उशीत खोचली. "सकाळी तुम्ही साचे पुसत होतात. हात भाजला तर मला मलम लावता येतं. हे सगळं गेल्यावर तुम्हाला कुठे काय लावायचं, ते मला कळेना."

दाजींनी मांडीवरच्या कापडाची घडी घातली. मग उठले, थंड पडलेली किटली दोन्ही हातांनी उचलली, मधल्या दारातून माझ्याकडे आले आणि ती माझ्या इस्त्रीशेजारी ठेवली. म्हणाले, यापुढे वाफेचं काम तुझं. तुझा हात थरथरत नाही. ताई त्यांच्या मागे दारात उभी होती, आणि तिचे डोळे आता कुठे भरून आले होते.

मी किटलीत पाणी भरलं आणि हॅट कधी चढवायची ते त्यांना विचारलं. टोपी म्हणायचं त्या दिवशी माझ्याकडून राहूनच गेलं.