बांगडो

आज बांगडे साफ करायला बसले आणि त्या वासासरशी मागच्या दारची एक जुनी सकाळ आठवली.

तेव्हा माझी रूपा चार वर्षांची होती. तिचे कान सारखे फुटायचे. एक सुकतो न सुकतो तोच दुसरा वाहायला लागायचा. कापसाचे बोळे, औषधाचे थेंब, तिचं कण्हणं, सगळं अंगवळणी पडलं होतं. पण हाक मारली तरी ती वळेनाशी झाली, तेव्हा माझं धाबं दणाणलं. कुडाळचे डॉक्टर म्हणाले, "घरी पाठीमागून हळूच एखादा शब्द बोलून बघा. ओठ दिसू देऊ नका."

त्या सकाळी मी अशीच बांगडे कापत होते. ती पाठमोरी बसून शिंपल्यांशी खेळत होती. मी पुटपुटले, "बांगडो." मग मोठ्याने विचारलं, "मी काय म्हटलंय, सांग गो?"

"बांगडो!"

माझा जीव भांड्यात पडला. खात्री करावी म्हणून पुन्हा पुटपुटले, "पापलेट." आणि विचारलं, "आता?"

"बांगडो!" ती तेवढ्याच खुशीत म्हणाली.

तिला ऐकू आलंच नव्हतं, नुसता वास आला होता. ती मात्र मागे वळून, शाबासकीची वाट बघत हसत होती.

पुढे ऑपरेशन झालं, कान सुधारले. आता ती पुण्याला असते. फोनवर माझा आवाज अजून चढतोच.

"आये, बोंबलतंस कित्याक? माका ऐकाक येता," ती वैतागते.

ते मला ठाऊक असतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणून मी ओरडते.