आत्याचा सौम्य दमा

आमची आत्या गाद्यांच्या कारखान्यात उशा भरायची. कापसाचं तूस दिवसभर हवेत तरंगायचं. तिला दमा होता, पण बेताचा. सकाळी पंप ओढला की दिवस निभायचा. मालक आवाज चढवायला लागला, की ती त्यालाच म्हणायची, "सावकाश, साहेब. दमा मला आहे."

छातीच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "ओढायचंच एक नवीन औषध तपासतोय. सौम्य दमा असलेली माणसं हवी आहेत. याल?"

"माझ्यावर प्रयोग?"

"त्रास झाला तर कधीही थांबता येईल. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती पूड. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं."

आत्याने होकार दिला. आजोबांना दम्याने बसल्या बसल्या जाताना तिने पाहिलं होतं.

जुना पंप बंद झाला, नवा सुरू झाला. हळूहळू ती जिन्यात मध्येच थांबू लागली.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, चिडले. "सोड ते!"

"शब्द दिलाय. आता पाय मागे घेऊ?"

नर्स विचारायची, "धाप लागते का?" आत्या म्हणायची, "जराशी." तेच तिला भोवलं. एके दिवशी उशी शिवता शिवता ती कोसळली. ओठ निळे पडलेले. सोबतिणींनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. डॉक्टर खाटेपाशी आले. "तुम्हाला यातून वगळावं लागेल. तुमचा दमा आता सौम्य राहिला नाही."

"माझ्या पंपात काय होतं?"

"सगळ्यांची तपासणी संपली की कळवू."

कुणी कळवलं नाही. मालकाने "तुझ्याच भल्यासाठी" म्हणत तिला घरी बसवलं. पुढे ती स्वतः विचारायला गेली, तर डॉक्टरांच्या जुन्या खोलीत आता डोळे तपासत होते. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "ती माहिती आमच्याकडे नसते."

काही वर्षांनी ते औषध बाजारात आलं. शेजारणीच्या सुनेला छान लागू पडलं. ती कौतुकाने सांगत होती, तेव्हा आत्या दोन उशांना टेकून ऐकत होती.

"बरं झालं, बाई," ती म्हणाली.

सून गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "पूड होती की औषध, एवढं सांगायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?"

 काका पाणी आणायला उठले.