डावा माईक

"किल्ली हरवली हो," असं कुणी म्हणालं की कानसेन आधी त्याच्या पायांकडे बघायचा. घरातल्या सपाता घालून आलेला माणूस खरंच दाराबाहेर अडकलेला असतो; बूट घालून, भांग पाडून आलेला माणूस कुणाच्या दाराची किल्ली मागतोय, देव जाणे. उभं आयुष्य किल्ल्या घासण्यात गेल्यावर जगावर जेवढा विश्वास उरायचा तेवढाच त्याचा उरला होता, म्हणजे नखाएवढा. दूधवाला पाणी घालतो, शेजारी स्वतःचा कचरा आपल्या डब्यात लोटतो, हे सगळं त्याच्या लेखी सिद्ध झालेलं होतं. पुरावे तेवढे यायचे बाकी होते.

कानसेन हे त्याला घरातच पडलेलं नाव. गळा थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला आणि कान याच्या, असं आई म्हणायची. तिजोरीला कान लावून आतला खटका कुठे अडलाय ते तो सांगायचा, आणि मैफलीत कुणाचा सूर केसभर उतरला की पहिली आठी याच्या कपाळावर पडायची. मैफली रेकॉर्ड करण्याचा नादही त्यातूनच लागला. दिवसभर दुकानात किल्ल्या घासणारं यंत्र डाव्या बाजूला किंचाळत असायचं. त्यावर उतारा म्हणून संध्याकाळी हेडफोन चढवून तो आपली रेकॉर्डिंगं ऐकत बसायचा. हेडफोनच्या उजव्या वाटीला त्याने लाल दोरा बांधला होता आणि त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

त्याच्या संशयातून बायकोही सुटली नव्हती. जेवणाच्या टेबलाशी ती लग्न झाल्यापासून त्याच्या डाव्या हाताला बसायची. वर्षभरापूर्वी एके दिवशी तिने ताट उचललं आणि उजवीकडे जाऊन बसली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, खिडकीतून वारं येतं. ती गेल्यावर त्याने कागदाची पट्टी खिडकीशी धरून पाहिली. पट्टी हलली नाही. फिरायला जातानाही ती उजवीकडून चालू लागली, आणि रस्त्यावर तर खिडकी नव्हती. याने मनात खूणगाठ बांधून ठेवली.

अशातच ताईच्या घशात गाठी निघाल्या. ऑपरेशन करावंच लागणार होतं. आवाज परत येईल, पण कुठला येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याआधी एक कार्यक्रम करायला त्यांनी नाइलाजाने परवानगी दिली. ताई स्वतः दुकानात आली, यंत्र थांबेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "माझी जुनी रेकॉर्डिंगं मला नकोत रे. त्यांत मी तरुण आहे. मला आत्ताचा आवाज हवा, जसा आहे तसा. तू घे. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

भरवसा हा शब्द त्याच्या दुकानात फारसा कुणी वापरत नसे. त्याला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने उगाचच एक किल्ली पुन्हा घासायला घेतली.

घोडं अडलं ते सभागृहाच्या नव्या व्यवस्थापकापाशी. स्टँड नको, वायरी नकोत, लोक अडखळतात. काय लावायचं ते कपड्यांना लावा, पण मला दिसता कामा नये, असं त्याने बजावलं. कानसेनचे जुने माईक चांगले लाटण्याएवढे होते. म्हणजे आता छोटे, अंगावर लपतील असे, आणि खिशाला झेपतील असे माईक शोधणं आलं.

माईकच्या दुकानाचा मालक गोडबोल्या होता, आणि कानसेनच्या मते तेवढा एकच गुन्हा त्याला कोंडायला पुरेसा होता. त्याने आधी मखमलीच्या डब्यातली जोडी पुढे केली. कानसेनने आपला रेकॉर्डर काढला, माईक जोडले, ते काउंटरखालच्या कपाटात ठेवून दार लावलं आणि तिथली शांतता रेकॉर्ड केली. मग हेडफोनची एकच वाटी उजव्या कानाला लावून, कुलूप ऐकावं तसं ऐकलं. आत बारीक सूं सूं होती. गाणारा श्वास घ्यायला थांबला की हीच सूं सूं पुढे येऊन बसणार, तेव्हा मखमलीची जोडी बाद झाली. दुसरी जोडी गप्प होती, पण त्याने जवळून जोरात टाळी वाजवताच तिचा आवाज टरकन फाटला. तबल्याच्या एका थापेत हिचे बारा वाजतील, म्हणून तीही बाद. तिसरी जोडी साध्या कापडी पिशवीत होती. वाटाण्याएवढे माईक, चष्म्याच्या काड्यांना अडकवायचे. म्हणजे डावा डाव्या कानाशी, उजवा उजव्या कानाशी, आणि माणूस ऐकतो तसंच सगळं रेकॉर्ड होणार. शांततेत शांत, टाळीला घट्ट. त्याने किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तर जुडग्यातली पितळेची किल्ली वेगळी ओळखू आली. किंमत मात्र तिन्हींत कमी. झालं, संशयाला जागा मिळाली. एवढे चांगले आहेत तर एवढे स्वस्त का, असं त्याने विचारलं. डब्याचे पैसे नाहीत त्यात, असं गोडबोल्या म्हणाला.

ताईच्या कार्यक्रमाआधी त्याच सभागृहात एक वाद्यवृंद वाजणार होता. रंगीत तालीम म्हणून कानसेन चष्म्याला माईक लावून जाऊन बसला. घरी येऊन हेडफोन चढवला आणि त्याचं तोंड उतरलं. उजवीकडे सगळा वाद्यवृंद, आणि डावीकडचा शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा. डावा माईक मेलेला. स्वस्ताईचं गुपित हे होतं तर.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन थडकला. गोडबोल्याने दोन्ही माईक ऐकले, आपल्या भाच्यालाही ऐकवले आणि हात जोडून म्हणाला की दोन्ही सारखेच आहेत. मामा-भाच्यांनी संगनमत केलंय हे कानसेनला तिथेच कळलं. त्याने जोडी बदलून घेतली. पुढच्या कार्यक्रमातही डावा तसाच. घरी टेबलावर माईक शेजारी शेजारी ठेवून त्याने किल्ल्या वाजवल्या, तरी डावा कमीच. मग डाव्याचा उजवा आणि उजव्याचा डावा केला, आणि तरीही कमी ऐकू येणारा डावाच. आता त्याने रेकॉर्डरवर संशय घेतला, मग वायरवर, मग व्यवस्थापकाने भिंतीत काही बसवलंय का, यावर. पुतण्याचा रेकॉर्डर आणून पाहिला. डावा माईक काही बधेना.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने सगळं पिशवीत भरलं आणि बायकोला सांगितलं की ताईला फोन करतो. एका अंगाने लुळं रेकॉर्डिंग तिच्या हातात देण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. त्याला भीती वाटत होती. हा आवाज उद्यानंतर पुन्हा मिळणार नव्हता आणि तो धरून ठेवायचं काम एकट्या त्याच्यावर होतं.

बायकोने पिशवीतून हेडफोन काढला आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सरळ आपल्या कानांना लावला. टेबलावरच्या किल्ल्या ऐकल्या. वाद्यवृंदही पुष्कळ वेळ ऐकला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला, गिऱ्हाईकाकडे बघावं तसा.

"किल्ल्या दोन्हीकडे सारख्या आहेत," ती म्हणाली. "वाद्यवृंद आधी मधोमध आहे. मग हळूहळू उजवीकडे सरकतो आणि तिथेच राहतो."

"मग? डावा माईक दमतो त्याचा."

"माईक नाही दमत. तुम्ही मान वळवता. उजवा कान पुढे करता. तो माईक तुमच्या कानाशीच असतो ना, मग तोही स्टेजकडे वळतो."

हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. मग तिने हेडफोन उलटा केला, लाल दोरा डावीकडे आणला आणि त्याच्या डोक्यावर चढवून किल्ल्यांचं रेकॉर्डिंग लावलं. ज्या उजव्या माईकची तो इतके दिवस शपथ घेत होता तो आता डाव्या कानाशी होता, आणि तोही शेजारच्या घरातून आल्यासारखाच वाजत होता. त्याने हेडफोन सरळ केला. पुन्हा उलटा केला. बराच वेळ ते तसंच चाललं होतं.

दुकानातलं यंत्र त्याला आठवलं. डाव्या हाताला, कानापासून वीतभर अंतरावर. किल्लीच्या बारीक चुऱ्याने डोळे जातील म्हणून तो रोज न चुकता चष्मा चढवायचा. कानाचा विचारच कधी केला नव्हता, कारण कानावर त्याला कधी संशयच आला नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

तिने टेबलाच्या उजव्या बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं.

"म्हणजे खिडकीतून वारं..."

"वारं नव्हतंच," ती म्हणाली. "डावीकडून बोललं की तुम्ही नुसतेच हो हो म्हणायचात. कानसेनला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, आपणच जागा बदलावी."

वर्षभर त्याने त्या खुर्चीवर नाही नाही ते संशय घेतले होते. ते सगळे त्याला एकदम आठवले आणि त्याची मान खाली गेली. ताईला फोन मात्र त्याने केला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी माईक बायकोच्या चष्म्याला लागले. कानसेनने तिला एवढंच सांगितलं की समोर बघायचं, मान हलवायची नाही, आणि पदराची सळसळसुद्धा होता कामा नये. सभागृहात ती त्याच्या डाव्या हाताला बसली, कितीतरी दिवसांनी. आज बोलायचं काही नव्हतंच.

ताई गायला लागली. वरच्या सुरात आवाज चिरकत होता, ती तिथून खाली येई आणि पुन्हा वर जाई, आणि लपवत काहीच नव्हती. कानसेनने आता कुणाचीच भीड ठेवली नाही. मान खुशाल डावीकडे वळवली आणि उजवा कान सगळाच्या सगळा बहिणीच्या स्वाधीन केला. त्यामुळे स्टेज त्याला दिसेना, दिसत होती ती बायको. ती ताठ समोर बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गालावरून हनुवटीपर्यंत येत होतं आणि मांडीवर टपकत होतं, पण सळसळ होईल म्हणून ती ते पुसत नव्हती. हातही तिने जागचे हलवले नाहीत.

रेकॉर्डर त्याच्याच खिशात होता. दर थोड्या वेळाने त्याचा लाल दिवा तपासायची त्याची जन्माची सवय. त्या संध्याकाळी त्याने तो एकदाही पाहिला नाही.