रिकाम्या डब्याबरोबर गेलेला आरसा

आमचं हेलिकॉप्टर रत्नागिरीच्या सड्यावर, कातळाच्या पठारावरच्या धावपट्टीवर, उतरलं तेव्हा त्याच्या वाऱ्यानं निम्म्या गावाचं वाळत घातलेलं धुणं उडालं आणि आरे-वारेच्या वाळूत जाऊन पडलं. पुढे आठ दिवस कोणाचा लेंगा कोणाच्या अंगात आहे, याचा पत्ता नव्हता. कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं ते थेट शिमग्यापर्यंत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. गावी सुट्टीवर आलो की मात्र सांगायचो, "पायलट काय, नुसता पुढे बसतो. उडवतो मीच." लोक हसायचे, पण चहा पाजायचे.

त्या खेपेला दिवाळी पंधरा दिवसांवर होती. वादळात मिऱ्या बंदराची एक होडी तीन माणसांसकट बेपत्ता झाली होती आणि ती शोधायला आम्हाला पाठवलं होतं. आम्ही चौघे: दोन पायलट, मी, आणि इंजिन बघणारा केरळचा जोडीदार. पोचलो तेव्हा दुपार कललेली. एक फेरी मारली, पाण्याशिवाय काही दिसलं नाही. उजेड असतानाच परत उतरलो. सकाळी पुन्हा जायचं ठरलं.

उतरल्यावर विमानाची तपासणी असते. मी शेपटीकडच्या पंख्यामागे एक छोटा आरसा घालून बघत होतो. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, रुपयाएवढा, लांब दांडीचा. जिथं मान जात नाही तिथं तो जातो. एवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काय रे मेल्या, एवढं मोठं विमान आणि त्यात एक चूल नाही?"

माझी थोरली बहीण! तिला हातखंब्याच्या पुढच्या गावात दिलेली. भाऊ विमान घेऊन आलाय म्हटल्यावर घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन एस्टीनं आली होती. मोठ्या साहेबांनी, म्हणजे थोरल्या पायलटनं, सात घावणे खाल्ले. मी पुढे ते सतरा करून सांगत आलो.

"यात बसलास की भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"मला? अगं, मागच्या महिन्यात पंखा सुटला तर मी हातानं फिरवत आणलंय हे."

गर्दी खूश. मी त्याहून खूश. ती निघाली तेव्हा डबा रिकामा होता, आणि आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत. साखर घालतात, मूठभर तांदूळ घालतात, काही नसलं तर दोन मिरच्या. माझ्याजवळ शिध्यातली बिस्किटांची पाकिटं होती, जमिनीवरच्या फडक्यावर हत्यारांशेजारी पडलेली. गोष्ट रंगात आली होती. तोंड गर्दीकडे ठेवूनच मी पाकिटं दोन्ही हातांनी गोळा केली आणि तिच्या पिशवीत ओतली.

मग हत्यारांची पेटी बंद केली. आमच्या पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराचा खळगा असतो आणि खळग्याच्या तळाला लाल रंग. हत्यार जागेवर नसलं की लाल दिसतं. उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतर ते बघायचं, मोजायचं आणि सही करायची. त्या संध्याकाळी मी वरचा कप्पा बघितला. खालचा बघितला नाही. सही मात्र दोन्हींची केली. माझ्या सहीवर भरवसा ठेवून जोडीदारानंही केली.

सकाळी इंधनाची कुपी उन्हाकडे धरून त्यात पाणी नाही ना ते बघितलं, तेल बघितलं, पंख्यांचे दोर सोडले, लाल फिती लावलेल्या खिळी काढून मोजल्या. शेवटी पेटी उघडली. खालच्या कप्प्यात लांब दांडीचा एक लाल आकार माझ्याकडे बघत होता.

"आरसा कुठाय?" जोडीदारानं विचारलं.

मोठ्या साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "मिळेपर्यंत उड्डाण नाही," एवढंच म्हणाले. तो नियम मी स्वतः नव्या पोरांना दम देऊन शिकवला होता. आरसा पंख्याच्या दांड्यात अडकला असेल तर तीन माणसं शोधायला गेलेली चार माणसं समुद्रात जातील. मी एकेक झाकण उघडायला लागलो. आभाळ निळंशार होतं, समुद्र आरशासारखा स्वच्छ, आणि पश्चिमेकडून दुपारपर्यंत ढग येणार असा निरोप आला होता.

धावपट्टीच्या कडेला कातळावर एक म्हातारा तांडेल बसला होता. हरवलेली होडी त्याची. तिच्यावर त्याचा एकुलता मुलगा. उजाडायच्या आधीपासून येऊन बसलेला. तासाभरानं उठून माझ्याजवळ आला.

"काय हरवलाय, भाऊ?"

"आरसा. एवढासा."

"त्याच्यावाचून उडत नाय?"

"नाही, काका."

"बरा," म्हणाला, आणि अनवाणी गवतात उतरला. वाळक्या गवतात कुसळं असतात, खाली चिऱ्याचा दगड टोचतो. तो वाकून दोन्ही हातांनी गवत बाजूला करत होता, एकेक पाऊल पुढे सरकत होता. मध्येच मान वर करून समुद्राकडे बघायचा आणि पुन्हा वाकायचा. मी झाकणं उघडत होतो. काही मिळत नव्हतं, आणि त्याच्याकडे बघायची सोय नव्हती.

दुसरा तास संपता संपता जोडीदारानं खिशातलं बिस्कीट काढून माझ्यापुढे धरलं. "खाऊन घे." मी त्या पाकिटाकडे बघितलं आणि मला फडकं आठवलं. हात आठवले. पिशवी आठवली.

साहेबांना सगळं सांगितलं. "बहिणीकडेच असणार, साहेब. शंभर टक्के."

"असेल. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. तुझी कालची सहीसुद्धा शंभर टक्केच होती."

एका कचेरीची जीप मिळाली. तो रस्ता किती खड्ड्यांचा होता, यावर मी एरवी तासभर बोलू शकतो. आज नको. पोचलो तर भावजी ओटीवर बसून, जबडा फाकवून, आरशात आपली अक्कलदाढ बघत होते.

"झकास आहे रे," ते म्हणाले. "कीड दिसली एकदाची!"

मी तो त्यांच्या तोंडातूनच ओढला. बहीण बाहेर आली. "तूच तर घातलास पिशवीत! मला वाटलं, ह्यांच्या दाढेसाठी दिलास." मी जीपकडे पळालो. जीप सुरू झाली तेव्हा तिनं धावत येऊन माझ्या हातात दोन नारळ कोंबले. रिकाम्या हातानं कसा पाठवायचा?

परत आलो तेव्हा तांडेल अजून गवतातच होता. पार दुसऱ्या टोकाला. आरसा खळग्यात बसला, लाल झाकलं गेलं, सह्या झाल्या, आम्ही उडालो. वीस मिनिटांत ढगांनी खालचा समुद्र पुसून टाकला. साहेब पाण्याला टेकतील इतके खाली आले, पण करड्या रंगाशिवाय काही दिसेना. परत फिरलो.

तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलरला ती होडी सापडली. आत दोघं जिवंत होते. तांडेलाचा मुलगा नव्हता. तो कधी गेला, आमच्या त्या सकाळच्या आधी की नंतर, हे त्या दोघांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला शिक्षा झाली, ती मी निमूट भोगली.

दोन वर्षांनी सुट्टीवर असताना मिऱ्या बंदरावर मासळी घ्यायला गेलो. तांडेल जाळं विणत बसला होता. त्यानं मला ओळखलं. मुलाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. चहा मागवला. मग म्हणाला,

"भाऊ, तो आरसा मिळाला ना तुमचा? कुठं होता?"

आयुष्यात मी डोंगराएवढं खोटं बोललो आहे, आणि ते बोलताना एकदाही जीभ अडखळली नाही. त्या दिवशी तोंडातून एकच शब्द निघाला.

"गवतात."

तो विणायचा थांबला. हातातल्या सुईकडे बघत राहिला.

"वाटलाच मला," तो म्हणाला. "माझीच नजर गेलेली."