यांच्या गाडीचे लाल दिवे

सगळ्यात आधी धावत आली समोरची जयाबेन. "काकी, काका गाडीमां बेठा छे!" आमचे हे जाऊन महिना होतोय हो.

खाली गेले तर बंद गाडीचे मागचे ब्रेकचे दिवे लालभडक. काल नातीनं, मनूनं, गाडी धुऊन जागेवर लावली होती. मी तयार होईपर्यंत हे असेच ब्रेकवर पाय ठेवून बसायचे, माझा नट्टापट्टा काही आवरायचा नाही! जयाबेननं अगरबत्ती लावली. कुणी गाडीला हात लावेना. मला मात्र, खरं सांगते, फार बरं वाटलं.

दुपारी ज्यांना गाडी विकलीय ती अकोट्याची माणसं न्यायला आली, तर बॅटरी उतरलेली, दिवे नुसते मिणमिणत होते, गाडी काही सुरू होईना. रिकाम्या हाती गेली. मी मनातून इतकी खूश!

मनू पेडलखाली वाकली. "आजी, आजोबा नाहीत गं. इथलं दिव्याचा स्विच दाबणारं रबराचं बटण तुटून पडलंय, म्हणून दिवे विझत नाहीत." तिनं तिथं नटबोल्ट बसवला. पोर हुशार आहे माझी. दिवे विझले आणि मला तिथं उभंच राहवेना.

माणूस गेल्यावर त्याची गाडी तुमच्यात कुणी ठेवली का हो?

ती माणसं गुरुवारी परत येतो म्हणालीत.