नेर्हाचे किनारे आणि पाण्यात उतरलेले बाबा

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीहून दीड-दोन तासांत आम्ही जर्सी शोअरचा किनारा गाठतो, बोचऱ्या पाण्यात पाय बुडवतो आणि ट्रॅफिकमध्ये बसून परत येतो. त्यामुळे "बीचसाठी थेट स्पेन?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. खरं कारण एवढंच, की इतक्या वर्षांनी ग्रीन कार्ड हातात आलं होतं आणि कुठेही गेलो तरी परत येता येईल याची खात्री पहिल्यांदाच वाटत होती. त्यात शैलेशच्या ऑफिसमधल्या कुणीतरी भूमध्य समुद्राचे फोटो दाखवले. असा निळा रंग खरोखर असतो यावर माझा विश्वास बसेना. मग बघून यायलाच हवं होतं!

२००६च्या जूनमध्ये आम्ही चौघं निघालो. मी, नवरा शैलेश, दहा वर्षांची लेक ईशा आणि नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. बाबांनी स्पेनचा व्हिसा मुंबईहूनच काढून आणला होता. आई-वडिलांना न्यायचं मनात असेल तर हे आधी विचारून घ्या, नंतर फार धावपळ होते.

बाबांबद्दल जरा सांगते. नागपूरच्या एका जलतरण तलावावर त्यांनी आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं. मीही त्यांच्याकडेच शिकले. पण ते स्वतः समुद्रात कधी पोहले नव्हते. नागपूरहून समुद्र लांब, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर तलावावर सगळ्यात जास्त बॅचेस. दीड वर्षापूर्वी त्यांची बायपास झाली, तेव्हापासून ते पाण्यातच उतरले नव्हते. हळूहळू सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते तलावाबद्दल, असं माझं म्हणणं. नूअर्कच्या विमानतळावरच मी सांगून टाकलं, "बाबा, तिथे तुम्ही काठावर बसायचं. पाण्यात जायचं नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

इतक्या पटकन ऐकणारा माणूस नाही तो. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

माद्रिदला विमान बदलून मालागाला उतरलो. तिथे भाड्याची गाडी सांगितली होती, ती निघाली गिअरची! ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच ठासून सांगा. शैलेश दादरच्या गल्ल्यांत गाडी शिकलेला, पण अमेरिकेत डाव्या पायाची सवय गेलेली. पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत गाडी चार वेळा बंद पडली. "यार, क्लच कुठे पकडतो तेच कळत नाहीये," तो घामाघूम होऊन म्हणाला. पण एकदा हायवेला लागलो आणि उजव्या हाताला समुद्र उघडला, तसं ईशाने काचेला नाकच लावलं. फोटो खोटे नव्हते. उलट फोटोत कमीच आलं होतं!

मुक्काम नेर्हा नावाच्या गावात. स्पेलिंग वाचून आम्ही महिनाभर 'नेरजा' म्हणत होतो, घरमालकीणबाईंनी पहिल्याच मिनिटाला ते सुधारलं. मालागाहून तासाभराचा रस्ता, पांढरीशुभ्र घरं, आणि रोज एक वेगळा किनारा गाठायला अगदी सोयीचं.

पहिल्या दिवशी लांब गेलोच नाही. बुर्रियाना हा गावातलाच मोठा किनारा, उताराने चालत दहा मिनिटं. छत्र्या, खुर्च्या, शॉवर, सगळं हाताशी. लहान मुलं असतील तर इथूनच सुरुवात करा. वाळूवरच्या एका हॉटेलात बैलगाडीच्या चाकाएवढ्या कढईत, लाकडाच्या जाळावर कोंबडी-कोळंबी घातलेला भात रटरटत होता. शैलेश आणि ईशाने त्यावर ताव मारला. बाबा शाकाहारी, त्यांच्यासाठी मागवले वांग्याचे तळलेले काप. वर काहीतरी काळसर, घट्ट ओतलेलं. बाबांनी बोटाने चाटून बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"मंजू, ही काकवी आहे गं!"

खरंच काकवी होती. जवळच्याच एका गावात उसापासून करतात म्हणे. त्यानंतर आठवडाभर बाबांनी दुसरं काही मागवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांतारिहान. डोंगरातून खाली उतरणारा रस्ता इतका अरुंद, की समोरून गाडी आली की श्वास रोखून धरायचा. खाली मात्र टेकड्यांच्या कुशीत लपलेला सुंदर किनारा. मधल्या खडकापलीकडे गर्दी कमी दिसली, म्हणून आम्ही पिशव्या उचलून तिकडे वळलो. वळसा घातला आणि समोर पाहतो तर कुणाच्याच अंगावर कपडे नाहीत!

"ओ माय गॉड, मॉम!" ईशाने टॉवेलमध्ये तोंड लपवलं.

शैलेश आकाशाकडे बघायला लागला. मला बाबांकडे बघवेना. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "अगं, पोहायलाच आलेत. पण त्या कडेच्या बाईंचा हात पाण्यात फार वाकडा पडतोय." हसत हसत आम्ही जे माघारी फिरलो, ते खडकाच्या अलीकडे येऊनच थांबलो. तिथे सगळे कपड्यांत असतात. जरूर जा, फक्त कुठे थांबायचं ते लक्षात असू द्या.

तिसऱ्या दिवशीचं मारो मला सगळ्यात आवडलं. गाडी वरच ठेवून भाजीच्या मळ्यांमधून खाली चालत जायचं. पाणी इतकं स्वच्छ, की गळाभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात. ईशा गॉगल लावून माशांच्या मागे गेली ती तासभर बाहेर येईना. बाबा खडकावर बसून ओरडत होते, "ईशा, कोपर वर! पाय गुडघ्यातून नाही, मांडीतून मार!"

"आबा, यू कम इन अँड शो मी!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा खडकावर टेकले. मला थोडं लागलं, पण मी बधले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सातला जाग आली. नुकतं उजाडत होतं. पाणी प्यायला उठले तर बाबांची खोली उघडी, पलंग रिकामा, आणि बाल्कनीत वाळत घातलेला त्यांचा टॉवेल गायब.

चपलाही न घालता मी उतारावरून धावत सुटले. शैलेशला उठवायचंसुद्धा सुचलं नाही. बुर्रियानाचा किनारा ओस पडला होता. वाळूवर बाबांचा सदरा नीट घडी करून ठेवलेला, त्यावर चष्मा. आणि काठापासून थोडं आत, एक पांढरं डोकं किनाऱ्याला समांतर संथ चाललं होतं. एक हात, दुसरा हात, मान बाजूला, श्वास. मी तिथेच बसले.

ते बाहेर आले तेव्हा मी रडत होते आणि ओरडतही होते. "काही झालं असतं तर? एवढ्या मोठ्या समुद्रात एकटे? मला तोंडावर बरं म्हणालात!"

बाबांनी अंग पुसलं आणि माझ्या शेजारी बसले. "पहिल्या दिवशी नुसता गुडघाभर पाण्यात उभा राहिलो," ते म्हणाले. "छाती इतकी धडधडली की परत फिरलो. काल कमरेपर्यंत. आज पोहलो. नव्या पोरांना शिकवतो तसंच स्वतःला शिकवलं."

"मला सांगायचं तरी."

"तू येऊ दिलं असतंस?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दीड वर्ष झालं मंजू. उठू नका, उचलू नका, चढू नका. सगळे मला सांगतात, विचारत कुणीच नाही. मला पण भीती वाटते गं. पण भीती माझी आहे ना? ती मला बघू दे." मग म्हणाले, "एकटा आलो ते मात्र चुकलं. कुणाला एकटं पाण्यात सोडायचं नाही, हे मीच शिकवायचो."

"मग यापुढे मी बरोबर येते," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग आठवलं, कॉलेज सुटल्यापासून मी स्वतः धड पोहलेच नव्हते.

त्याच दिवशी ला एर्रादुराला गेलो. नेर्हाहून वीसेक मिनिटं, घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी, शांत खाडी. वाळू कमी, गोटे जास्त, तेव्हा रबरी चपला न्याच. दूर पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पिवळ्या बोयांची रांग होती. बाबांनी बोट दाखवलं. "त्या पहिल्या बोयापर्यंत. मध्ये तीनदा थांबू."

पाणी सुरुवातीला झोंबलं, मग मऊ वाटायला लागलं. बाबा लयीत चालले होते. अर्ध्या वाटेवर दम लागला तो मला! हात जड झाले, खाली बघितलं तर तळ दिसेना, आणि मी घाबरून पाणी आपटायला लागले.

"पाठीवर वळ," शेजारून आवाज आला. तलावाच्या काठावरचा तोच जुना, ठाम आवाज. "कान पाण्यात. पोट वर. आभाळाकडे बघ. मी आहे."

मी वळले. माझ्या पाठीखाली त्यांचा तळवा होता, मग हळूच निघून गेला, आणि मी तरंगत राहिले. बऱ्याच वेळाने आम्ही दोघं बोयाला हात लावून लटकलो होतो. किनाऱ्यावर ईशा उड्या मारत ओरडत होती, "गो आबा! गो मॉम!" बाबा लहान मुलासारखे हसत होते. ओठांवरचं पाणी चाटून म्हणाले, "खारट आहे गं!"

उरलेले तीन दिवस आम्ही दुसरं काही केलंच नाही. रोज सकाळी दोघं पोहायचो, दुपारी ईशाला घेऊन तिघं. शैलेश काठावर टॉवेल सांभाळायचा आणि मासे खायचा.

पार्सिपनीला येऊन आता चार महिने झाले. ऑफिस, ईशाचे क्लासेस, सगळं पूर्ववत. किनाऱ्यांची नावं मी विसरू लागलेय, म्हणूनच हे लिहायला घेतलं. बाबा सप्टेंबरात नागपूरला परतले. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला.

"उद्यापासून तलावावर सकाळची बॅच घेतोय. साठीच्या पुढच्यांची."

बीपी तपासलं का, डॉक्टरांना विचारलं का, किती वेळ उभं राहायचं, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर आले. मी ते गिळले.

"किती जण आहेत, बाबा?"

"सात," ते म्हणाले. "त्यातल्या चौघांना वाटतंय, आता या वयात काय जमणार." आणि मग अर्धा तास ते त्या एकेका माणसाबद्दल बोलत राहिले. मी नुसतं ऐकत होते.